जळायच्या आधीचा वास

ज्या अत्तराबद्दल हे लिहिते आहे ते विकत घ्यायची माझी ऐपत नाही, हे आधीच सांगून टाकते. काळ्या काचेची बाटली, वर जड लाकडी झाकण आणि खोक्यावर इंग्रजीत चार ओळी. त्या ओळींत वाळवंट आहे, मखमल आहे, कुठल्याशा राजवाड्यातली संध्याकाळ आहे. बोईसरचं नाव नाही, आणि असणार तरी कसं? पण तो वास जुळवला गेला तो इथेच, तारापूर एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमागे, दोन खोल्यांच्या लॅबमध्ये. जुळवणाऱ्यांच्या आजूबाजूला वावरणाऱ्यांत मुरब्याच्या एका मासळीवालीची मुलगी होती. म्हणजे मी.

आमची कंपनी वास बनवते. साबणाचे, उदबत्तीचे, फरशी पुसायच्या पाण्याचे. मोठ्या अत्तराचं काम क्वचित येतं, आणि आलं की सगळे दोन बोटं उंच होऊन चालतात. त्या वर्षी परदेशातल्या एका गिऱ्हाईकाला तापवलेल्या अगरूचा वास हवा होता. अगरू हे मोठं विक्षिप्त लाकूड. झाड धडधाकट असेल तर त्याला काही वास नसतो. आतून बुरशी लागून ते आजारी पडलं की मग त्यात राळ धरते आणि त्याला सोन्याचा भाव येतो. माणसाचं उलट आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

आमचे साहेब उत्तरेकडच्या अत्तरवाल्या घराण्यातले. दिवसभर कोमट पाणी पीत आणि नाकानं कांदे सोलत. सकाळी आपण आत शिरलो की नमस्काराच्या आधी ते हवा हुंगत आणि म्हणत, "आज लहसुन." त्यांच्याकडे एक छोटी विजेची शेगडी होती. तिच्यावर अभ्रकाचा पत्रा आणि पत्र्यावर अगरूचा नखाएवढा तुकडा ठेवून ते डोळे मिटून बसत. जरा धूर दिसला की चिमट्यानं तुकडा उचलून घेत आणि आमच्याकडे असं बघत, जणू धूर आम्हीच काढला. "धुआँ दिखा, मतलब आप लेट हो गए." गिऱ्हाईकाला जळलेला वास नको होता. तापलेला, पण जळायच्या आधीचा हवा होता.

लॅबमध्ये वास तपासणाऱ्यांच्या पाच खुर्च्या होत्या आणि त्यातली एक रिकामी झाली होती. त्या खुर्चीवर बसेल त्याची नोकरी कायम. उमेदवार दोघी: मी आणि सरावलीची एक मुलगी. तिचं घर मूळचं कोल्हापूरकडचं, वडील वीज प्रकल्पात. दोघीही कंत्राटावर, दोघीही बी.एस्सी. मला ती खुर्ची इतकी हवी होती की तिच्या पाठीचं फाटलेलं रेक्झिनसुद्धा मला पाठ होतं.

खुर्ची ठरेपर्यंत महिनाभर साहेबांनी आम्हाला यादी दिली. कांदा-लसूण बंद, मासे बंद, वासाचं तेल, वासाचा साबण, पावडर, गजरा, सगळं बंद. मी यादी घरी वाचून दाखवली. आईनं त्यातला एकच शब्द धरला.

"मासली नाय खायाची? महिनाभर?"

आमचं घर मुरब्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आई सुकी मासळी करते. थंडीत दारापुढच्या बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगलेले असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, आणि खाली जवळा पसरलेला. तो माल ती पालघरच्या बाजारात नेऊन विकते. पालघरला, बोईसरला नाही, हे मी माझं नशीब समजत असे. कंपनीत कुणी घरचं विचारलं की मी म्हणायची, "घरचा छोटा बिझनेस आहे." कंपनीचे कपडे मी पत्र्याच्या पेटीत कापराच्या वड्या घालून ठेवायची, दारातल्या दोरीवर कधी वाळत घातले नाहीत. साहेबांनी एकदा विचारलं, "रोज मंदिर होके आती हो?" मी मान हलवली. दोन वर्षं मी त्या कंपनीत भाविक म्हणून ओळखली जात होते.

मासळीबंदीवर आईनं पहिला आठवडा वकिली केली. "जवल्याची चटनी म्हंजे मासली नाय गो, ती चटनी हाय." दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर बसून बोंबलाचं कालवण भुरकून खाल्लं, सावकाश, बोटं चाटत. तिसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. आई भांडते तोवर काळजी नसते. गप्प झाली की काहीतरी शिजत असतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. मला अगरूचा तो वास पकडता येत नव्हता. साहेब डोळे मिटून "ये... ये... अब" म्हणत, सरावलीची मुलगी लगेच मान डोलवत असे, आणि मला फक्त गरम लाकूड येत असे.

बहुधा साहेबांना ते कळलं होतं. एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघींना अगरूचा एकेक तुकडा दिला. काचेची छोटी कुपी, तिच्यावर नंबर, आत वजन करून ठेवलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. घरी मंद आचेवर तापवा, दर मिनिटाला काय वास येतो ते लिहा आणि सोमवारी कागद आणि उरलेला तुकडा परत करा. त्या कागदावर आणि नंतरच्या एका चाचणीवर खुर्ची ठरणार होती. सरावलीची मुलगी म्हणाली, ती इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर तापवणार. मी मनात म्हटलं, हुशार आहे मेली.

मी कुपी घरी आणली आणि देवाच्या फळीवर ठेवली. आईनं विचारलं, "काय हाय?" मी म्हटलं, "वासाचं लाकूड. हात लावू नको." आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तो अंगणात पाट मांडलेला. दिवेलागण झाली होती. आईनं पाणी तापवायच्या चुलीतले निखारे घमेल्यात काढून ठेवले होते. "बस," ती म्हणाली. आठवडाभर गप्प राहून तिनं निदान केलं होतं: मुरब्याची पोर मासळी खात नाही याचा अर्थ तिला कुणाची तरी दृष्ट लागली आहे. मी वाद घातला नाही. दृष्ट काढणाऱ्या आईशी वाद घातला की ती दृष्टच बोलते आहे असं समजतात. मी बसले. आईनं मूठ माझ्यावरून ओवाळली. "आल्यागेल्याची, शेजारपाजारची, कंपनीवाल्यांची," ती पुटपुटत होती, आणि मग तिनं मूठ घमेल्यात सोडली. मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या, मिरच्या पडल्या आणि त्यांच्यामागून काहीतरी टक्कन वाजलं.

मिरच्या मध्यावर, लाल निखाऱ्यांवर पडल्या होत्या. अगरूचा तुकडा पडला कडेला, राखेवर. मिरच्या पेटायला जरा वेळ लागतो. त्या जरा वेळात राखेवरून एक वास वर आला, आणि मी उठायचं विसरले.

चिमटा माझ्या हाताशी होता. तुकडा उचलता आला असता. खुर्ची, कायम नोकरी, सगळं त्या चिमट्याच्या अंतरावर होतं. पण महिनाभर जे नाकात येत नव्हतं ते आता आलं होतं आणि मला ते सोडवत नव्हतं. मी नुसती बसून राहिले. मग मिरच्या लागल्या. आम्ही दोघी खोकून खोकून डोळे पुसत अंगणाच्या दोन टोकांना गेलो, आणि तो तुकडा पेटून काळा झाला.

आई खोकल्यातही खूश होती. "ठसका लागला! म्हंजे दृष्ट नव्हतीच." मग तिच्या लक्षात आलं. "मंग मासली का नाय खात?"

"आये, ते लाकूड कंपनीचं होतं!"

"लोबान संपला व्हता. वासाचं लाकूड तूच बोललीस ना? वासाचं लाकूड इंगलावर नाय टाकायचं तर काय कालवनात घालायचं?"

साहेबही तेच करायचे, फक्त विजेवर. मी भडकले, आणि भडकून पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं: खुर्ची, कायम होणं, परत द्यायचा तुकडा. आईचा चेहरा उतरला. ती घमेल्याशी बसली आणि राख चाळू लागली. तिला एक काळा कण सापडला. फुंकर मारून, कागदात गुंडाळून तिनं तो माझ्यापुढे धरला. "ह्यो दे त्यांना." मग जरा थांबून, "नाय तर होडीच्या फळीचा तुकडा दे. लाकूडच हाय ना?" मला हसू आलं आणि रडूही. माझी खुर्ची जाईल म्हणून ती पुन्हा राख चाळायला लागली आणि मी ते बघूनही दोन तास तिच्याशी बोलले नाही. मला राग लवकर येतो आणि जायला बैलगाडीनं जातो.

रविवारी कागद लिहायला बसले तर माझ्याजवळ फक्त पहिला क्षण होता. शेवटी मी आईला विचारलं. चाळीस वर्षं ती नाकावर धंदा करते. कुठला बोंबील आज उतरवायचा आणि कुठला उद्या, हे ती हात न लावता सांगते. ती मांडवाखाली उभी राहून सांगत गेली.

"पयला काय नाय. मंग गोड. गुलाचा नाय. बोंबील दुसऱ्या दिसाला दुपारी वालत येतो ना, आतून ओला नि वरून सुका, तेवा येतो तो. मंग ढोलकी शेकतात थंडीत, तिचं चामडं तापतं, तसा. मंग मिरची."

मी ते सगळं तसंच्या तसं लिहिलं, मिरचीसुद्धा. खाली लिहिलं: तुकडा उरला नाही, आईनं दृष्ट काढली.

सोमवारी साहेबांनी रिकामी कुपी उजेडाकडे धरली. मग कागद वाचला. परत वाचला. "ये ढोलक किसने लिखवाया?"

"आईनं."

"चार महीने से यही नहीं मिल रहा था," ते म्हणाले. आमचे सगळे नमुने धुतल्यासारखे स्वच्छ होते. आतून ओलं आणि वरून सुकं असं त्यात काही नव्हतं. तुकड्याचं नंतर बघू म्हणाले. बुधवारी चार नमुन्यांतून एक निवडायचा होता, आम्हा दोघींची चाचणीही त्यातच. "बुधवार को माँजी को ले आइए."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या डोळ्यांपुढे कंपनीचं दार आलं, वॉचमन आला, सरावलीच्या मुलीचं नाक आलं. घरी येऊन मी आईला सांगितलं, पण असं सांगितलं की ती नाही म्हणेल. "साहेबांनी बोलावलंय. पण बुधवारी तुझा बाजार असतो ना..." आईनं बाजाराची टोपली भिंतीशी सरकवली. "येते," म्हणाली.

बुधवारी मी पुढे गेले. ती मागून शेअर रिक्षानं दहाला येणार होती. बरोबर दहाला लॅबच्या बोळात चपलांचा आवाज आला, आणि त्याच्या आधी वास आला. चंदनाचा साबण, खोबरेल तेल, मानेवर पांढरी दिसेल इतकी पावडर आणि अंबाड्यावर मोगऱ्याचा भलामोठा गजरा. ठेवणीतली साडी, तिच्या घडीतल्या डांबरगोळ्यांसकट. साहेब बोळाच्या दुसऱ्या टोकालाच थबकले. त्यांनी हात जोडले, पण पुढे आले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आज इनसे नहीं हो पाएगा. बाहर बिठाइए, नहीं तो आपकी भी नाक गई."

मी आईजवळ गेले. घाईत होते, आत वास घ्यायच्या कागदी पट्ट्या नमुन्यांत बुडवून तयार होत्या. म्हणाले, "आये, तू बाहेर बस. तुझा वास येतोय."

हे वाक्य शाळेपासून माझ्या जिभेवर होतं. वर्गात कुणी नाक मुरडलं की, बाजारातून आलेल्या आईनं जवळ घेतलं की, ते ओठांपर्यंत यायचं आणि मी गिळायची. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते चंदनाच्या साबणाबद्दल.

आईनं मान खाली घातली. स्वतःचे तळहात नाकाशी नेले.

"तीन येला आंग घासलं गो," ती म्हणाली. "लिंबू पन लावला. आजूनपन येतो?"

म्हणजे तिला माहीत होतं. पेटीतला कापूर, आत वाळवलेले कपडे, पालघर आणि बोईसर, सगळं तिला माहीत होतं, आणि कधीपासून ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तिचे हात धरले आणि सांगितलं, मासळीचा नाही, साबणाचा येतोय, इथे साबण चालत नाही. "साबनाचा?" ती म्हणाली. "मंग ठीक हाय." आणि खरंच सुटल्यासारखी होऊन गेटवरच्या बाकाकडे चालू लागली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला स्वतःची लाज वाटली, आईची वाटायची त्याहून कितीतरी जास्त. आणि रडल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: नाक बंद. बाहेर येऊन मी चार पट्ट्या हुंगल्या. चार कागद. रडलेल्या नाकाला अगरू आणि गटार सारखंच. सरावलीच्या मुलीनं तिसरी पट्टी उचलली. मलाही तिसरी म्हणता आलं असतं, साहेबांनी थोडा वेळही दिला. मी म्हटलं, "सर, आज मला काहीच वास येत नाहीये." खुर्ची तिला गेली. रीतसर गेली. साहेबांनी तिसऱ्या नमुन्यात नंतर थोडं काहीतरी घातलं, खारट आणि चामड्यासारखं, आणि तेच पुढे त्या काळ्या बाटलीत गेलं. खोक्यावर ढोलकी लिहिलेली नाही. मलाही वर्षभरानं खुर्ची मिळाली, पण साबणाच्या विभागात.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर गेले. आई वॉचमनला पोरीची नोकरी किती मोठी ते सांगत होती. मला बघून उठली. "मिलाली?"

"नाय."

"माज्यामुले."

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "तुझ्यामुळे तर कागद पास झाला."

तेवढ्यात सरावलीची मुलगी मागून आली. तिला वाईट वाटत होतं, ते तिला लपवता येत नव्हतं, आणि त्याचा मला थोडा रागही येत होता. मी म्हटलं, "ही माझी आई." ती वाकून पाया पडली. कोल्हापूरकडची, रीत सोडत नाहीत. "काकू, तो ढोलकीचा वास तुम्ही ओळखलात ना? साहेब सगळ्यांना सांगत होते. तुम्ही काय करता?"

आईनं आधी माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं विचारत होती. साठीची बाई, स्वतः काय करते ते सांगायला पोरीची परवानगी मागत होती.

"सुकी मासळी करते," मी म्हणाले. "मुरब्याला आमचे मांडव आहेत. हिच्यासारखे बोंबील तिथं कुणी वाळवत नाही."

आईनं पदरानं मानेवरची पावडर पुसली आणि तिच्यातली बाजारातली बाई जागी झाली. "खातेस काय गो बोंबील? उद्या देते हिच्याकडं." मग माझ्याकडे वळून आवाज बारीक करून म्हणाली, "तुज्या पिशवीत घालू? कंपनीत वास येल."

"येऊ दे," मी म्हणाले.